पान सापडलं नाही

फाइलमध्ये सहा चाचण्या होत्या. सहाही हिरव्या. पेनड्राइव्हमध्ये दोनशे चौदा फोटो होते, एकेका हातपंपाला ठोकलेल्या पत्र्याच्या पाटीचे. ऑफिसात माणसं अकरा, कूलर दोन, त्यातला एक नुसताच वारा फेकणारा. भिंतीवर एक टीव्ही, टीव्हीवर एक आडवी पट्टी. सगळ्या चाचण्या पास असल्या की पट्टी हिरवी, एक जरी नापास झाली की लाल.

"दोनशे चौदा पाट्या आणि चाचण्या सहाच?" मी परागला विचारलं.

"सहा पुरतात," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "भाताचं एक शीत दाबून बघतात. तू काय अख्खं पातेलं दाबशील?"

"शितं एकाच पातेल्यातली असली तर एक पुरतं."

"झालं! मिलिग्रॅम सुरू झाली," पराग मागे वळून सगळ्यांना म्हणाला.

मिलिग्रॅम हे माझं ऑफिसातलं नाव. खरं नाव चैताली उमरे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, पाण्यातलं फ्लोराइड मोजण्यावर प्रकल्प केला, आणि प्रयोगशाळेत नोकरी मिळेना म्हणून नागपुरातल्या या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आले. ते सहा महिने पुढच्या सोमवारी संपत होते. कन्फर्मेशनचं पत्र तयार होतं, फक्त सही व्हायची होती. पराग वाडेगावकर माझा सीनियर. खापेकर सर मालक.

काम होतं एका जिल्ह्याच्या हातपंपांची वेबसाइट नव्याने करण्याचं. प्रत्येक पंपाच्या पाटीवर त्या पंपाच्या पानाचा पत्ता रंगवलेला होता: आधी तालुका, मग गाव, शेवटी पंपाचा आकडा, मध्ये तिरक्या रेघा. मोबाइलवर पत्ता टाकला की त्या पंपाच्या पाण्याचा ताजा अहवाल दिसायचा. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असलं तर पान हिरवं. त्याहून जास्त असलं तर लाल. लाल पंपाचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी पोरांच्या दातांवर तपकिरी रेघा येतात, पुढे मोठ्या माणसांची हाडं वाकतात. जुनी वेबसाइट चालू होती. ती सोमवारी बंद व्हायची आणि आमची सुरू व्हायची.

पत्ता आला की तो कुठल्या पानाकडे धाडायचा हे ठरवणारी नियमांची एक यादी प्रोग्रॅममध्ये असते. यादी वरून खाली वाचली जाते. जो नियम पहिल्यांदा जुळेल त्याचं ऐकायचं. खालचे नियम कितीही शहाणे असोत, त्यांना मग कुणी विचारत नाही. चाचणी म्हणजे या यादीला विचारलेला एक प्रश्न: हा पत्ता दिला तर मला कुठल्या पंपाकडे नेशील? उत्तर बरोबर तर हिरवं, चूक तर लाल. त्यासाठी ब्राउझर उघडावा लागत नाही.

मंगळवारी मी एकेक फोटो मोठा करून पाटीवरचा पत्ता जसाच्या तसा उतरवून घेतला आणि प्रत्येक पाटीची एक चाचणी लिहिली. दोनशे चौदा. चारच्या सुमारास त्या चालवल्या. एकशे त्र्याहत्तर हिरव्या, एक्केचाळीस लाल.

टीव्हीवरची पट्टी लाल झाली आणि ऑफिसात एकच गलका उठला.

"कोणाची बे? कोणाची लाल?"

"मिलिग्रॅमची!"

"उद्या तर्री-पोहे! उद्या तर्री-पोहे!"

आमच्याकडे रीत होती. ज्याच्यामुळे पट्टी लाल होईल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणांचे तर्री-पोहे आणायचे. त्या धाकाने लोक पट्टी लाल होऊच देत नसत. आपली चाचणी नापास होतेय असं दिसलं की बरेच जण चूक शोधण्याऐवजी चाचणीच गुपचूप काढून टाकत. पोह्यांपेक्षा ते सोपं.

मी लाल पत्ते कागदावर लिहून काढले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पोडांवरचे होते. पोड म्हणजे मुख्य गावापासून दूर, जंगलाच्या कडेला असलेली कोलामांची वस्ती. कागदोपत्री पोड गावातच मोडतो, पण त्याचे पंप वेगळे आणि पाणीही वेगळं. म्हणून पोडावरच्या पाटीत गाव आणि आकडा यांच्यामध्ये पोडाचं नाव असतं. आणि आमची यादी ते नाव गिळत होती. चिंचघाट गाव, त्यातला सोमापोड, पंप दोन, असा पत्ता दिला की ती नेत होती चिंचघाटच्या पंप दोनकडे.

सोमापोड, पंप दोन: ४.६ मिलिग्रॅम. चिंचघाट, पंप दोन: ०.८.

"पराग, हा वरचा नियम कोणी लिहिला?"

"कोणता?"

"हा. तालुका ओळखीचा, गाव ओळखीचं, शेवटी आकडा, आणि मधे काहीही असलं तरी सोडून द्यायचं."

तो खुर्ची ओढत आला. "मी लिहिला. फेब्रुवारीत. तुला माहीत आहे का तेव्हा काय झालं?"

मला ऐकून माहीत होतं. फेब्रुवारीत जिल्ह्याच्या पाणीपुरवठा विभागाच्या अभियंता लांजेवार मॅडमना वेबसाइट पहिल्यांदा दाखवली. मॅडमनी गावाच्या नावापुढे "पंप" असा एक जादा शब्द टाकून मग आकडा लिहिला, आणि वीस लोकांसमोर भिंतभर पडद्यावर तीन शब्द आले: पान सापडलं नाही. खापेकर सरांचं तोंड एवढंसं झालं. परतताना गाडीत ते परागला म्हणाले, ते तीन शब्द मला आयुष्यात परत दिसता कामा नयेत. परागने हा नियम लिहिला आणि यादीत वर नेऊन बसवला. तेव्हापासून पत्त्यात मधे काहीही लिहिलं तरी कुठलं ना कुठलं पान यायचंच.

सहा चाचण्यांपैकी सहावी याच नियमाची राखण करत होती. गाव आणि आकडा यांच्यामध्ये तिने "अबक" लिहिलं होतं, आणि गावाच्या पंपाचं पान आलं की ती हिरवी होत होती.

बुधवारी सकाळी मी अकरा पुड्या घेऊन आले. खापेकर सर तर्रीत चमचा बुडवत म्हणाले, "वा, उमरे. झाली का दुरुस्ती?"

"नाही सर. त्या नियमामुळे एक्केचाळीस पत्ते चुकताहेत."

"कुठले?"

"पोडांवरचे."

सरांचा चमचा थांबला नाही. "पोडावर कोण वेबसाइट बघतं गं? रेंज तरी असते का तिथे?"

"माहीत नाही सर. मोजून सांगते."

"मोजू नको, काढून टाक. एक्केचाळीस चाचण्या काढल्या तरी एकशे त्र्याहत्तर उरतात. आपण विभागाला किती सांगितल्या होत्या? सहा!"

मी त्या काढल्या नाहीत. गुरुवारी परत अकरा पुड्या आणल्या. पोहेवाला म्हणाला, "मॅडम, रोज अकरा? ऑफिसात कोणाचं लग्न लागून राहिलं काय?"

गुरुवारी मी मोजलं. जुन्या वेबसाइटवर कधी, कुठला पत्ता उघडला जातो, याची नोंद आपोआप होत असते. मी एप्रिलची नोंद मागवून घेतली. पाट्यांचे पत्ते महिन्यात एक हजार एकशे चाळीस वेळा उघडले गेले होते. त्यातले पोडांचे तीनशे अठ्ठ्याऐंशी. आणि त्यात एक विचित्र गोष्ट होती. सोमापोड, पंप दोन, हा पत्ता सव्वीस वेळा उघडला होता. सव्वीस वेगवेगळ्या दिवशी. दर वेळी सकाळी नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान. एप्रिलमध्ये रविवार चार होते, आणि त्या चार दिवशी एकदाही नाही.

"हा कोण असेल?" मी परागला दाखवलं.

"यंत्र असेल एखादं. माणूस इतका नेमाने काही करत नाही. तू सोडून."

"यंत्र रविवारची सुट्टी घेतं?"

पराग वाकून नीट वाचायला लागला.

"आणि हे बघ," मी म्हटलं. "सव्वीस ओळींखेरीज या तीन. ७ तारखेला नऊ वाजून चार मिनिटांनी पत्त्यात एक अक्षर कमी. पान सापडलं नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी तोच पत्ता बरोबर. १५ला तसंच, २३ला तसंच. म्हणजे बोट चुकलं, ते तीन शब्द दिसले, आणि मिनिटाभरात त्या माणसाने सुधारून टाकलं."

"मग?"

"तुझ्या नियमात त्या तीन दिवशी काय दिसलं असतं?"

परागने त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं. मग नेहमीसारखा हसून म्हणाला, "पोहे मात्र भारी होते आजचे. कालच्यापेक्षा तर्री जास्त."

शुक्रवारी मी ऑफिसात पोचले तर पट्टी हिरवी होती. परागने सकाळी लवकर येऊन पोडांचा वेगळा नियम लिहिला होता आणि तो आपल्या नियमाच्या वर ठेवला होता. आता पोडाचं नाव बरोबर असलं की पोडाचंच पान येत होतं. सहा आणि दोनशे चौदा, सगळ्या हिरव्या. खापेकर सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः पोहे मागवले, वर जिलबी. "बघ उमरे, भांडून काय मिळालं? जिलबी!" सगळे हसले. मीही हसले.

मग खाली बसले आणि दोनशे पंधरावी चाचणी लिहिली. सोमापोडच्या नावातलं एक अक्षर कमी केलं, ७ एप्रिलच्या नोंदीत होतं तसंच. यादीला विचारलं: या पत्त्यावर मला कुठे नेशील? अपेक्षित उत्तर लिहिलं: कुठेच नाही. पान सापडलं नाही.

यादीने मला चिंचघाटच्या पंप दोनकडे नेलं. ०.८. हिरवं पान. नाव चुकलं की पोडाचा नियम जुळत नव्हता, आणि खाली परागचा नियम झोळी पसरून बसलेलाच होता.

जिलबी संपायच्या आत पट्टी लाल झाली.

"अगं बाई!" रिसेप्शनवरची वृंदा म्हणाली. "हिला पोह्यांचं व्यसन लागलं."

सर केबिनमधून बाहेर आले, हात पुसत. "कोण?"

"मी, सर."

"काय राहिलं आता?"

मी सांगितलं. सरांनी परागकडे बघितलं. "हिची ही हिरवी करून टाक बरं."

"होत नाही सर," पराग म्हणाला. "ही आणि आपली सहावी, दोन्ही एकदम हिरव्या होऊच शकत नाहीत. सहावी म्हणते मधे काहीही असलं तरी गावाचं पान द्या. ही म्हणते मधे अनोळखी काही असलं तर काहीच देऊ नका. एक हिरवी झाली की दुसरी लाल."

"मग सोपं आहे. एक काढायची."

"हो सर," मी म्हटलं. "सहावी काढू?"

सर माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"उमरे, तू हुशार आहेस. तुझ्या दोनशे चौदा ठेव, फ्रेम करून लाव. ही एक काढ. सोमवारी मॅडम काय टाकतील सांगता येत नाही, आणि ते तीन शब्द त्यांना परत दिसले तर पुढची तीन जिल्ह्यांची कामं गेली. तुझं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सोमवारी सही करायची आहे मला."

"सर, पत्ता चुकीचा असेल तर सापडलं नाही हेच बरोबर उत्तर आहे. ती काही आपली चूक नाही."

"लोकांना कोरं पान आवडत नाही."

"खोटं पान आवडतं?"

"उद्या दुपारपर्यंत," सर म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

शनिवारी मी तिसऱ्यांदा पोहे आणले. वृंदाने माझ्या पुडीवर लिंबाची जास्तीची फोड ठेवली.

विभागाने दिलेल्या माहितीत प्रत्येक पंपासमोर जवळच्या अंगणवाडीचं नाव आणि सेविकेचा नंबर होता. रविवार सोडून रोज नऊ वाजता. मला हे गुरुवारीच सुचायला हवं होतं. सोमापोडसमोर नाव होतं ललिता टेकाम. मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला. पराग खुर्ची घेऊन आला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला.

"हॅलो, कोन बोलते?"

"ताई, मी नागपूरहून बोलतेय. पंपाच्या पाण्याची ती वेबसाइट आहे ना, तिचं काम करते मी."

"बंद करून राहिले का जी?" तिने लगेच विचारलं.

"नाही, नाही. नवी करतोय. तुमच्या पोडावरच्या दोन नंबरच्या पंपाचं पान रोज सकाळी कोणीतरी उघडतं."

"मीच पाहातो नं. लेकरं याच्या आंधी."

पराग माझ्याकडे बघून भुवया उडवून म्हणाला, "माणूस."

"पण ताई, पाण्याचा नमुना तर तीन महिन्यांतून एकदाच तपासतात. रोज कशाला बघता?"

"तुमी कोन्या दिवशी बदलान, मले काय मालूम? म्हनून रोज पाहा लागते."

"काय बघता त्यात? आकडा?"

"आकडा कायले? रंग पाहातो. लाल दिसला का मी अन् मदतनीस बाई घागरी घेऊन नाल्यापलीकडच्या हिरीवर जातो. एकोनीस लेकरं हायेत, उन्हायाचं पानी लय लागते त्याइले."

"किती लांब आहे विहीर?"

"जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. दोन खेपा."

"आणि हिरवा दिसला तर?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "हिरवा दिसला तं कायले जान बाई? पंप त दाराशीच हाये. त्या दिवसापासून हिरीले रामराम!" मग तिचा आवाज उतरला. "होईन का जी हिरवा? दोन वर्सं झाले पाहून राहिली मी."

"नमुना तपासल्याशिवाय सांगता येत नाही, ताई."

"हो, ते बी खरंच," ती म्हणाली. "बरं, ठेवतो. बंद नोका करजा म्हंजे झालं."

मी फोन बंद केला. वर बघितलं तर सर केबिनच्या दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सोमवारचं होऊ दे. मंगळवारी काढू तो नियम."

"सर, जुनी वेबसाइट सोमवारी बंद होते."

"मंगळवारी काढू म्हटलं ना."

"मंगळवारी किती वाजता? ती नऊला बघते."

"उमरे!" आता मात्र ते ओरडले. "एक अक्षर चुकलं तर! आणि ते चुकेलच असं नाही!"

"एप्रिलमध्ये सव्वीस दिवसांत तीनदा चुकलं, सर. म्हणजे नऊ दिवसांतून एकदा."

"चाचणी काढलीस का?"

"नाही."

"पराग, तू काढ."

पराग खाली बघत म्हणाला, "सर, ती तिच्या नावावर आहे. दुसऱ्याची लाल चाचणी आपल्याकडे कोणी काढत नाही. रीत आहे."

ही रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मला वाटतं, बाकीच्यांनीही.

सोमवारी सर मला सोबत नेणार नव्हते. पण फ्लोराइडबद्दल कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं. सकाळी सहाला निघालो. चार तासांच्या प्रवासात सर ड्रायव्हरशी बोलत होते. माझ्याशी एकदाच बोलले: "विचारलं तरच बोलायचं."

विभागाच्या सभागृहात वीसेक माणसं होती. लांजेवार मॅडम पहिल्या रांगेत, मांडीवर पाण्याच्या तपासणीचं जाडजूड रजिस्टर. सरांनी नकाशा दाखवला, रंग दाखवले, तालुके दाखवले. सगळं छान चाललं होतं. शेवटी मॅडमनी चष्मा काढला.

"खापेकर, फेब्रुवारीत ते एक पान आलं होतं. सापडलं नाही वगैरे. ते निस्तरलं का?"

"पूर्ण, मॅडम. आता ते पान कधीच येत नाही."

"कधीच?"

"गॅरंटी."

मॅडमनी सहज माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच केलं का ते?"

मला विचारलं होतं.

"नाही मॅडम. मी त्याची चाचणी केली. ती नापास आहे."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की ती नजर आजही माझ्या लक्षात आहे. आज या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही स्वतःच एक पत्ता टाकून बघा. चिंचघाट, सोमापोड, पंप दोन. फक्त सोमापोडमधलं एक अक्षर गाळा, कुठलंही."

मॅडम उठल्या, कीबोर्डपाशी गेल्या, एका बोटाने पत्ता टाकला. भिंतीवर हिरवं पान आलं. ०.८ मिलिग्रॅम. पाणी पिण्यास योग्य. मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि थांबलं.

"छान आहे की," मॅडम म्हणाल्या. "चुकीचं टाकलं तरी बरोबर आलं."

"तुमच्या रजिस्टरमध्ये सोमापोडचा पंप दोन बघाल का, मॅडम?"

त्यांनी चष्मा लावला. पानं उलटली. एका ओळीवर बोट ठेवलं. मग भिंतीकडे बघितलं, मग परत रजिस्टरकडे.

"मॅडम, ते एक छोटंसं..." सर पुढे झाले.

"थांबा, खापेकर." त्यांचं बोट अजून ओळीवरच होतं. "फेब्रुवारीत मी पत्ता चुकीचा टाकला होता ना?"

"हो, म्हणजे, एक जादा शब्द..."

"मग ते पान बरोबरच होतं की." त्यांनी रजिस्टर मिटलं. "हे सुधारेपर्यंत जुनी वेबसाइट बंद होणार नाही. किती वेळ लागेल?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हटलं, "एक नियम आणि एक चाचणी काढायची आहे. दहा मिनिटं."

सरांनी व्हरांड्यात जाऊन परागला फोन लावला. चार वाजता नवी वेबसाइट सुरू झाली.

परतताना अर्ध्या रस्त्यात चहाला थांबलो. सर ग्लासातल्या चहाकडे बघत म्हणाले, "मी तुला विचारलं तरच बोल म्हटलं होतं."

"त्यांनी विचारलं, सर."

"प्रोबेशन तीन महिने वाढवतोय. पत्र फाडतो ते."

"चालेल, सर."

"चालेल काय चालेल!" ते म्हणाले, आणि माझ्या चहाचेही पैसे न बोलता देऊन टाकले.

मंगळवारी मी साडेआठलाच ऑफिसात पोचले. पट्टी हिरवी होती. जुन्या पाच, माझ्या दोनशे पंधरा. सहावी चाचणी काढताना परागने तिच्या जागी कारण लिहिलं होतं, एकच ओळ: ही चूक होती, माझी होती.

नऊला पाच मिनिटं असताना तो जिना चढून आला. दोन्ही हातांत पुड्यांच्या पिशव्या.

"आज लाल नाहीये," मी म्हटलं.

"इतके दिवस माझ्या नियमामुळे होती. एक खेप तरी माझ्याकडे लागते." त्याने एक पुडी माझ्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. "उघड नोंद."

मी नव्या वेबसाइटची नोंद उघडली. नऊ वाजले. नऊ वाजून पाच. तर्री गार व्हायला लागली, पण दोघांनीही पुडीला हात लावला नाही. नऊ वाजून अकरा मिनिटांनी पहिली ओळ आली, बाराव्या मिनिटाला दुसरी.

९.११. चिंचघाट, सोमापोडमधलं एक अक्षर कमी, पंप २. पान सापडलं नाही.

९.१२. चिंचघाट, सोमापोड, पंप २. फ्लोराइड ४.६ मिलिग्रॅम प्रति लिटर.